आठवड्याचें कोडें : सोडवावें कसें ?



मीरा-भाईंदर हा एके काळीं मिठागरें, भातशेती आणि खाडीकांठची कोळीवस्ती यांनीं बनलेला खेड्यांचा समूह होता. २००२ सालीं येथें महानगरपालिका झाली. आतां येथील असंख्य स्त्रीपुरुष रोज सकाळीं चर्चगेटच्या गाडींत शिरतात आणि सुमारें तासाभराचा प्रवास करितात. त्या गर्दींतहि वर्तमानपत्राची घडी गुडघ्यावर ठेवून कोडें सोडविणारा एखादा गृहस्थ डब्यांत दिसतोच. त्याच्या खांद्यावरून डोकावणारा शेजारी न विचारतां उत्तर सांगतो, तिसरा तें चूक ठरवितो, आणि बोरिवली येईपर्यंत चार अनोळखी माणसांची ओळख झालेली असते. आठवड्याच्या कोड्याचा हा महिमा आहे. आजच्या भाषणांत हीं कोडीं कशीं सोडवावीं याविषयीं कांहीं अनुभवाच्या सूचना सांगण्याचा विचार आहे.

परंतु सूचना सांगण्यापूर्वीं कोडें कशाला म्हणावें हें ठरविलें पाहिजे. या प्रश्नाला माझ्या घरीं मोठी किंमत पडली आहे. माझे आजोबा एका साप्ताहिकांतील बक्षिसाच्या शब्दकोड्यासाठीं दर आठवड्यास प्रवेशशुल्क भरून कागद पाठवीत. प्रथम एक कागद जाई, मग पांच, मग पंचवीस. आजीच्या पाटल्या त्यांत गेल्या, असें आमच्याकडे सांगतात. आजोबा अडाणी नव्हते. त्यांचें संस्कृत चांगलें होतें. त्यामुळेंच, एवढी विद्या असतां आज ना उद्यां उत्तर जुळेलच, असें त्यांना वाटे. आजी अवघी चार इयत्ता शिकलेली, पण ती म्हणे, "ज्याचें उत्तर आपलें आपल्याला पटतें, तें कोडें. ज्याचें उत्तर दुसऱ्याच्या पेटींत असतें, ती सोडत."

आजीच्या या वाक्यांत किती सत्य होतें तें एका उदाहरणानें पाहूं. समजा, सूचना अशी आहे : "संसारांत हें जपावें लागतें." जागा दोन अक्षरांची, आणि दुसरें अक्षर 'न' दिलेलें आहे. उत्तर काय ? 'मन' म्हणावें, तर 'मान' कां नको ? 'मान' म्हणावें, तर 'धन' कां नको ? तिन्ही शब्द बसतात, तिन्ही अर्थ शोभतात. यांतला कोणता स्पर्धाचालकानें आधीं ठरवून ठेविला आहे हें पाणिनि आला तरी सांगूं शकणार नाहीं. अशा आठ जागा असल्या आणि प्रत्येकीस दोनच पर्याय धरले, तरी २५६ निरनिराळीं उत्तरें होतात. तीन पर्याय धरले तर ६५६१. आजोबांचे पंचवीस कागद या सागरांतले पंचवीस थेंब होते.

हा प्रश्न पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबई सरकारनें १९४८ सालीं सोडती व बक्षीसस्पर्धा यांच्या नियंत्रणाचा व करआकारणीचा कायदा केला होता. १९५२ सालीं तो दुरुस्त करून, प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतील स्पर्धाहि त्याच्या कक्षेंत घेतल्या. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकांतून शब्दकोड्यांची स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला यांनीं त्यास आव्हान दिलें. ९ एप्रिल १९५७ रोजीं मुख्य न्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या निकालानें तत्त्व स्पष्ट झालें : जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण त्यास नाहीं, स्पर्धा जुगारांतून सुटावयाची असेल तर तिच्यांतील यश बऱ्याच अंशीं कौशल्यावर अवलंबून असलें पाहिजे. मध्यंतरीं १९५५ सालीं मध्यवर्ती कायदाहि झाला होता. त्यानें अशा स्पर्धेंत महिन्याकाठीं १००० रुपयांहून अधिक बक्षीस ठेवण्यास आणि २००० हून अधिक प्रवेशपत्रें घेण्यास मनाई केली. न्यायालयानें त्याच दिवशीं दुसऱ्या निकालांत सांगितलें कीं, हे निर्बंध जुगारी स्पर्धांपुरतेच आहेत, कौशल्याच्या स्पर्धांना ते लागू नाहींत.

यावरून कोड्याची एक कसोटी हातीं येते. खऱ्या कोड्याचें उत्तर एकच असतें, आणि तें एकच कां, हें सोडविणारा स्वतः सिद्ध करूं शकतो. पुढील सर्व सूचना याच कसोटींतून निघतात.

आतां शब्दकोड्याकडे वळूं. चौकटींचें शब्दकोडें आपल्याकडे पश्चिमेकडून आलें. लिव्हरपूलमध्यें जन्मलेल्या आर्थर विन यानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणींत तें पहिल्यानें छापलें. त्याचा आकार पत्त्यांतील चौकटसारखा होता. लंडनच्या 'टाइम्स'नें १ फेब्रुवारी १९३० पासून तें सुरूं केलें. तथापि शब्दांशीं व अंकांशीं खेळण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे ११५० सालीं, 'लीलावती'त गणितें घातलीं तीं भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या गोष्टींच्या रूपानें. मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचलें. उखाणे आणि कूटप्रश्न तर आपल्या माजघरांतलेच आहेत.

पहिली सूचना चौकटीच्या नियमाची. इंग्रजी कोड्यांत एका घरांत एक वर्ण राहतो. मराठींत एका घरांत संपूर्ण अक्षर राहतें, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार या सर्व परिवारासह. 'क्षेत्र' या शब्दाला दोनच घरें लागतात. म्हणून आडवा आणि उभा शब्द जेथें एकमेकांस छेदतात तेथें नुसता 'क' जुळून भागत नाहीं. 'का' असेल तर दोन्हींकडे 'का'च पाहिजे. हें बंधन वाटतें, पण सोडविणाऱ्याला तें वरदान आहे. एक अक्षर निश्चित झालें कीं शब्दाचा बराच भाग हातीं येतो. उलट कोडें रचणाऱ्यानें अनुस्वाराची चोरी केली तर ती तत्काळ पकडतां येते. "भाऊ आणि बाजारभाव मिळून आमचें शहर" अशी सूचना कोणी केली तर ती सदोष म्हणावी. कारण 'भाई' आणि 'दर' मिळून 'भाईदर' होतें, भाईंदर नव्हे.

येथें ऱ्हस्व-दीर्घाविषयींहि सांगितलें पाहिजे. मी स्वतः जुन्या वळणाचा. लिहितांना माझा अनुस्वार सुटत नाहीं आणि 'कवि' ऱ्हस्वच राहतो. परंतु मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ पासून रूढ झाले, आणि आजचीं कोडीं त्यांप्रमाणें रचलेलीं असतात. तेव्हां घर भरतांना 'कवी' दीर्घच लिहावा. जुन्या अंकांतील कोडें सोडवीत असाल तर मात्र जुन्या नियमानें चालावें. कोडें ज्या काळचें, लेखन त्या काळचें.

दुसरी सूचना : आरंभ पहिल्या क्रमांकापासून करूं नये. सर्व सूचना एकदां वाचून काढाव्या आणि जेथें संशयास जागा नाहीं तेथें पेन्सिल टेंकावी. म्हणींतील गाळलेला शब्द, नदीचें किंवा ग्रंथाचें नांव, अशीं स्थळें प्रथम घ्यावीं. त्यांचीं अक्षरें छेदणाऱ्या शब्दांना आधार देतात.

तिसरी सूचना व्याकरणाची. सूचनेचें लिंग, वचन व विभक्ति यांचा उत्तराशीं मेळ असतो. सूचना "मागें सरणें" अशी असेल तर उत्तर क्रियावाचकच असणार, आणि त्याच्या शेवटच्या घरांत बहुधा 'णे' येणार. तें अक्षर उत्तर कळण्यापूर्वींच हलक्या हातानें लिहून ठेवावें. सूचना "फुलें" असेल तर 'सुमन' लिहून चालणार नाहीं, 'सुमने' पाहिजे. मात्र "डोळे" या सूचनेला 'नयन' चालेल, कारण तो शब्द अनेकवचनींहि तसाच राहतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी : 'ण' आणि 'ळ' यांनीं मराठी शब्दाचा आरंभ होत नाहीं. शब्दाच्या पहिल्या घरांत यांपैकीं एखादें अक्षर येऊं लागलें, तर आपली चूक झाली असें समजून मागें फिरावें.

चौथी सूचना अशी कीं, समानार्थी शब्द सुटे पाठ करूं नयेत. त्यांचीं कुटुंबें ओळखावीं. पाण्याचे संस्कृत शब्द घ्या : जल, नीर, वारि, अंबु, पयस्. यांना 'देणारा' या अर्थाचा 'द' लावला कीं मेघ होतो : जलद, नीरद, वारिद, अंबुद, पयोद. 'जन्मलेलें' या अर्थाचा 'ज' लावला कीं कमळ होतें : जलज, नीरज, वारिज, अंबुज. आणि शेवटीं 'धि' लावला कीं समुद्र होतो : जलधि, वारिधि, अंबुधि, पयोधि. त्याचप्रमाणें भू आणि मही या पृथ्वीच्या नांवांना 'प' जोडला कीं राजा, 'धर' जोडला कीं पर्वत. आतां "मेघ, तीन अक्षरें" अशी सूचना आली तर घाबरण्याचें कारण नाहीं. 'जीमूत'सारखा एखादा अपवाद सोडला तर शेवटचें अक्षर 'द' असण्याचा संभव फार. तें लिहून ठेवा. पहिलें अक्षर छेदणारा शब्द सांगेल. 'वा' आला तर वारिद, 'नी' आला तर नीरद. 'मन, मान, धन' या कोड्यांत आणि या कोड्यांत हाच भेद आहे. पर्याय दोन्हींकडे अनेक. पण येथें निवड छेदणाऱ्या शब्दानें होते, कोणाच्या लहरीनें होत नाहीं.

पांचवी सूचना गूढ कोड्यांसाठीं. त्यांत वाक्याचा वरवरचा अर्थ हा पडदा असतो. उदाहरणार्थ, "दिवसामागें हत्ती लागला, तो आषाढांत पंढरपुरीं पोंचला, अक्षरें चार." हें चित्र डोळ्यांसमोर आणून कांहीं हातीं लागणार नाहीं. वाक्य तोडून पाहावें. दिवस म्हणजे वार, हत्ती म्हणजे करी. आणि पंढरपुरीं पोंचला तो वारकरी. अशा सूचनेंत दोन वाटा असतात, एक अर्थाची व एक घडणीची, आणि दोन्ही एकाच शब्दापाशीं येऊन मिळतात. दोन्ही मिळाल्या तरच उत्तर बरोबर. एकच मिळाली तर उत्तर अद्याप सांपडलें नाहीं, असें समजावें.

"उलट", "परतला", "माघारीं" असे शब्द सूचनेंत दिसले कीं शब्द मागून वाचून पाहावा; मात्र अक्षराअक्षरानें. 'दीन' उलटला कीं 'नदी', 'सदा' उलटला कीं 'दास', 'मका' उलटला कीं 'काम'. 'नवीन', 'सरस' आणि 'समास' हे मात्र कसेहि वाचा, तसेच. त्याचप्रमाणें अनेकार्थी शब्दांची ओळख ठेवावी. हात, किरण आणि सरकारचें येणें, या तिन्हींना 'कर' हा एकच शब्द पुरतो.

आतां तर्काच्या कोड्यांकडे येऊं. येथें शब्दसंग्रहाचा उपयोग नाहीं, शिस्तीचा आहे. आपल्याच गाडींतलें एक कोडें घेऊं. कागद पेन्सिल जवळ असल्यास घ्यावी.

संध्याकाळच्या गाडींत वकील, शिक्षक, वैद्य व चित्रकार असे चौघे मित्र आहेत. एकेक जण अनुक्रमें बोरिवली, दहिसर, मीरा रोड व भाईंदर या स्थानकांवर उतरतो. एकाजवळ छत्री, एकाजवळ वर्तमानपत्र, एकाजवळ फुलांची पुडी व एकाजवळ भाजीची पिशवी आहे. माहिती अशी : शिक्षक वकिलानंतर उतरतो. वैद्य उतरला तेव्हां चौघांपैकीं एकच जण गाडींत उरला. चित्रकार सर्वांत आधीं उतरत नाहीं व सर्वांत शेवटींहि नाहीं. छत्रीवाल्याच्या लगेच पुढल्या स्थानकावर वर्तमानपत्रवाला उतरतो. भाईंदरला उतरणाऱ्याजवळ वर्तमानपत्र नाहीं आणि फुलेंहि नाहींत. वकिलाजवळ छत्री नाहीं. तर कोण कोठें उतरला, आणि कोणाजवळ काय होतें ?

कागदावर चार ओळी व चार स्तंभ आंखावे. जें अशक्य तेथें फुली आणि जें निश्चित तेथें बरोबरची खूण करावी. आरंभ पहिल्या वाक्यानें करूं नये. जें वाक्य सर्वांत अधिक बांधून टाकतें त्यानें करावा. वैद्य उतरल्यावर एकच उरला, म्हणजे वैद्य तिसरा : मीरा रोड. चित्रकार पहिला नाहीं, चौथा नाहीं, आणि तिसरी जागा गेली. म्हणून तो दुसरा : दहिसर. उरलीं बोरिवली आणि भाईंदर. शिक्षक वकिलानंतर उतरतो, म्हणून वकील बोरिवलीला व शिक्षक भाईंदरला.

आतां वस्तु. भाईंदरच्या माणसाजवळ वर्तमानपत्र नाहीं, फुलें नाहींत. उरल्या छत्री व पिशवी. परंतु छत्रीवाल्याच्या पुढें आणखी एक जण उतरतो, आणि भाईंदरपुढें तर कोणीच नाहीं. म्हणून शिक्षकाजवळ पिशवी. छत्री व वर्तमानपत्र हीं लागोपाठच्या स्थानकांवर : एकतर बोरिवली-दहिसर, नाहींतर दहिसर-मीरा रोड. वकिलाजवळ छत्री नाहीं, म्हणून पहिला पर्याय बाद. चित्रकाराजवळ छत्री, वैद्याजवळ वर्तमानपत्र, आणि राहिलेलीं फुलें वकिलाचीं.

यांत तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, 'नाहीं' सांगणारें वाक्य 'आहे' सांगणाऱ्या वाक्याइतकेंच मोलाचें असतें. दोन, "छत्रीमागून वर्तमानपत्र" या वाक्यांत "छत्री शेवटची नाहीं" हें न बोललेलें वाक्य दडलेलें होतें. तसलीं दडलेलीं वाक्यें प्रथम बाहेर काढावीं. तीन, एकाहि ठिकाणीं आपण अंदाज केला नाहीं. अंदाज करावासा वाटला तर समजावें कीं एखादें वाक्य आपण पुरतें वापरलेलें नाहीं. शेवटीं सर्व वाक्यें पुन्हां वाचून उत्तराशीं ताडून पाहण्यास विसरूं नये.

हा पेन्सिलीचा चाळा निरर्थक आहे काय ? याच लोहमार्गावर पुढें डहाणू लागतें. तेथें १९०५ सालीं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. ते देवळालीस शाळेंत शिक्षक होते, आणि अंकांशीं खेळणें हें त्यांचें व्यसन होतें. १९४९ सालीं त्यांना एक चमत्कार सांपडला. चार अंकी संख्या घ्या. चारहि अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हां करा. ३५२४ घेऊं : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढें किती वेळां केलें तरी ६१७४ च येतें. कोणतीहि संख्या घेतली तरी अधिकांत अधिक सात पायऱ्यांत आपण तेथें पोंचतों. त्या काळीं ही करमणूक म्हणून अनेकांनीं हंसण्यावारी नेली. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्यावर लिहिलें तेव्हां जगानें ती पाहिली. आज ६१७४ ही संख्या कापरेकर यांच्या नांवानें ओळखली जाते.

शेवटीं अडलेल्यासाठीं दोन शब्द. कोडें अडलें कीं त्याच्याशीं झटापट करीत बसूं नये. तें बाजूला ठेवून भाजी निवडावी, फिरून यावें. परत आल्यावर, ज्या शब्दाविषयीं आपली सर्वांत अधिक खात्री होती तोच प्रथम पुसून पाहावा. संशयित शब्दांकडे आपण पुन्हां पुन्हां पाहतों. खात्रीच्या शब्दाकडे कोणी पाहत नाहीं, आणि चूक पुष्कळदां तेथेंच लपते. घरांतील लहानथोरांना बरोबर घेऊन बसावें. आजीला म्हणी येतात, मुलाला खेळाडूंचीं नांवें येतात, सुनेला विज्ञान येतें. एकट्याचें अडलेलें कोडें चौघांत सुटतें.

आणि आजकाल हातांतल्या दूरध्वनीच्या पडद्यावर "सोपें कोडें सोडवा, पैसे भरा, मोठें बक्षीस मिळवा" अशीं बोलावणीं आलीं, तर आजीचें वाक्य आठवावें. प्रथम एवढेंच विचारावें : हें उत्तर मला माझ्या बुद्धीनें सिद्ध करतां येईल काय ? येत असेल तर पेन्सिल उचलावी. येत नसेल तर पाकीट उचलूं नये. माझ्या आजोबांच्या टेबलाच्या खणांत जुळवून पाहिलेल्या कागदांची एक चळत पुढें सांपडली. आजीनें ती रद्दींत दिली नाहीं. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तिनें मला अक्षरें गिरवावयास लाविलीं, आणि माझें पहिलें कोडें मी त्याच पाठकोऱ्या कागदावर सोडविलें. त्याला प्रवेशशुल्क नव्हतें, बक्षीसहि नव्हतें. उत्तर मात्र माझें मला पटलें होतें.